सिरोत्किनला जरा न्याय द्या

"पैशाच्या जोरावर आला, वर्षभरात एक गुण मिळवून गेला" असं 2018 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये विल्यम्स संघाकडून धावलेल्या सर्गेई सिरोत्किन या रशियन ड्रायव्हरबद्दल म्हटलं जातं. पैसा होताच, एसएमपी रेसिंग या रशियन प्रायोजकाचा. ते कोण नाकारतंय? पण जीपी२ मध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीच्या मालिकेत, 2015 आणि 2016 असा सलग दोनदा तिसरा आलेला पोरगा होता तो.

2018 ची विल्यम्सची गाडी आठवा. गाडी एवढी रडकी की अख्ख्या संघाचे मिळून 7 गुण, आणि तक्त्यात तळाला. संघातला दुसरा ड्रायव्हर स्ट्रोल, त्याचे 6, याचा 1. पण पात्रता फेरीत हाच बहुतेक वेळा स्ट्रोलच्या पुढे असायचा, हे कुणी बोलत नाही.

नशीब तर विचारूच नका. मेलबर्नला पहिलीच शर्यत, आणि कुणाच्या तरी सँडविचची प्लास्टिक पिशवी उडून मागच्या ब्रेकच्या हवेच्या वाटेत अडकली. ब्रेक तापले, चार-पाच फेऱ्यांत खेळ खल्लास! मोनॅकोत चाकं वेळेत बसवली नाहीत म्हणून शिक्षा. चूक संघाची, भोगली याने. मोंझाचा तो एकुलता एक गुणसुद्धा पुढे असलेला ग्रोजाँ हा दुसऱ्या संघाचा ड्रायव्हर बाद ठरला म्हणून पदरात पडला.

पुढच्या वर्षी विल्यम्सकडे नवे ड्रायव्हर म्हणून रसेल आणि कुबित्सा आले. रसेलबद्दल तक्रार नाही, पण 2019 मध्ये कुबित्सालाही एकच गुण मिळाला, तोही दुसऱ्यांना शिक्षा झाल्यावर.