पक्ष्यांच्या छायाचित्रणाची ओढ लागली आहे. आधी लेन्स घ्यावी की आधी शिकावे?

केळीबागवाला (रावेर तालुका)
नमस्कार. गेल्या डिसेंबरात पाहुण्यांना घेऊन हतनूर धरणावर गेलो असता एक काळा-पांढरा पक्षी पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबला आणि दगड टाकावा तसा खाली कोसळून मासा घेऊन वर आला. भावाच्या लग्नात घेतलेला कॅमेरा आणि त्यासोबतची १८-५५ मिमीची छोटी लेन्स एवढेच हाताशी होते, त्यामुळे चाळीस फोटोंत पक्षी तिळाएवढा आला; तरी ते फोटो पुसवत नाहीत. तेव्हापासून दर रविवारी तिकडे जातो. मोठी लेन्स घ्यावी का? आणि रानपिंगळा या दुर्मीळ घुबडासाठी सातपुड्यातल्या तोरणमाळला कधी जावे?

तापीकाठ
तुम्ही पाहिलात तो कवड्या धीवर. फोटो मोठे करून छाती पाहा: दोन काळे पट्टे असतील तर नर, एकच आणि तोही मध्ये तुटलेला असेल तर मादी. तो थांबतो तेव्हाच नेम धरावा, सूर मारल्यावर नव्हे. शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास आणि एक्स्पोजर थोडे उणे (म्हणजे फोटो किंचित गडद) ठेवावे, नाहीतर पोटाचा पांढरा भाग चुन्यासारखा सपाट येतो.

लेन्सची घाई मात्र करू नका. तुमच्या बागेत निसवण (झाडातून घड बाहेर पडणे) सुरू झाली की केळफुलाच्या मधासाठी शिंजीर हे चिमुकले पक्षी येतात. दोन ओळींच्या सावलीत, हालचाल न करता तासभर बसून पाहा. छोट्या लेन्समध्ये पक्षी लहानच येईल, पण त्याच्याभोवती तुमची बाग दिसेल, आणि तसे चित्र बाहेरून आलेल्या माणसाला सहसा मिळत नाही.

जुनी लेन्स
वरील सल्ला चांगला असला तरी पाण्यावरच्या पक्ष्यांसाठी ५५ अपुरीच पडते, हे स्पष्ट सांगावे असे वाटते. ७०-३०० वापरलेली घ्या. घेताना एका बाजूने मोबाइलचा टॉर्च लावून दुसरीकडून पाहा, काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, व्यवहार तिथेच थांबवा.

सातपुडा वाटसरू
रानपिंगळ्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. १८७३ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन झाले, १८८४ नंतर त्याचा एकही विश्वसनीय नमुना मिळाला नाही आणि तो नामशेष झाल्याचे मानले जाऊ लागले. १९१४ चा म्हणून दाखवला जाणारा गुजरातेतील नमुना प्रत्यक्षात चोरलेला व खोट्या नोंदीचा निघाला. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघड केली, शोधाचा रोख जुन्या खऱ्या नोंदींकडे वळवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी पुन्हा सापडला. म्हणजे आपल्या खानदेशातच!

तो दिवसा वावरतो व निष्पर्ण फांदीवर उघड बसतो, त्यामुळे फोटोचा मोह अनावर होतो. मी स्वतः एकदा मोबाइलवर त्याची हाक वाजवली होती. तो आला, पण चोचीतला सरडा तसाच धरून दहा मिनिटे अस्वस्थपणे मान वळवत राहिला. शेजारच्या ढोलीत पिल्ले असावीत, हे मला उशिरा सुचले. ते फोटो मी कुणाला दाखवलेले नाहीत. आधी गावातल्या साध्या पिंगळ्याचे डोके नीट पाहून घ्या: त्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते. हा फरक अंगवळणी पडल्याशिवाय तोरणमाळची घाई नको. यावलसारख्या अभयारण्यात जाणार असाल तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी.

केळीबागवाला
सर्वांचे आभार. छातीवर दोन पट्टे आहेत, नर निघाला. तोरणमाळ तूर्त पुढे ढकलले आहे. काल सकाळी बागेत बसलो. शिंजीर दोनदा आला, दोन्ही वेळा फोटो हलला. घड पूर्ण निसवला की आम्ही केळफूल तोडून टाकतो, पण वडिलांनी विहिरीकडच्या ओळीतली दोन न तोडता ठेवली आहेत.