एकाच पिशवीचं बी, मग बाजरीची कणसं चार तऱ्हांची का?

पारनेरचा_पुणेकर

नमस्कार मंडळी. पारनेरच्या कोरडवाहू पट्ट्यात आमची थोडी जमीन आहे. मी पुण्यात नोकरीला. वडील गेल्यापासून शनिवार-रविवारची शेती, म्हणजे अर्धं ज्ञान आणि पूर्ण उत्साह.

गेल्या वर्षी दुकानातून संकरित बाजरीची दीड किलोची पिशवी आणली होती. पीक असं आलं की वाटेनं जाणारे थांबून बघायचे. सगळी ताटं एका उंचीची, कणसं एका मापाची. आईनं त्यातलीच देखणी कणसं निवडली, बी राख चोळून डब्यात ठेवलं, आणि यंदा जूनमध्ये आम्ही तेच वीस गुंठ्यांत पाभरीनं पेरलं.

आता बाजरी निसवलीय आणि रान बघवत नाही. काही ताटं माझ्या डोक्याच्या वर, काही कमरेला. कणसं कुठे जाड आणि आखूड, कुठे उंदराच्या शेपटीसारखी बारीक. पाच-सहा ताटांना चक्क कुसळं आहेत, ती गेल्या वर्षी औषधालाही नव्हती. काही कणसांवर पांढरा कापसासारखा बुरा दिसतो, काहींवर पिवळी धूळ. दोन कणसं तर अशी की आठवडा झाला, नुसती पांढरीच. आणि सात-आठ ठिकाणी कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुबकाच आलाय.

शेजारी म्हणतात दुकानदारानं भेसळीचं बी दिलं. चुलते म्हणतात जमीन बिघडली. आई गप्प आहे, कारण बी तिनं धरलं होतं. खरं कारण काय?

दुष्काळी_जतकर

झुबका म्हणजे गोसावी रोग. कणसाला जटा आल्या की समजायचं. आजच्या आज उपटा, बाकीचं नंतर बोलू. उपटून बांधावर टाकू नका, जाळा.

दुकानदाराला शिव्या घालू नका, तुमच्या आईचं बी गेल्या वर्षीच्या पिकाचं आहे, त्याचा काय संबंध? पिशवीवर वाचलं नव्हतं का, संकरित बियाणं दरवर्षी नवं घ्यावं म्हणून? तेवढं एकच वाक्य आपण कुणी वाचत नाही.

पिशवीवाल्या_मावशी

पुणेकर, आधी आईला सांगा की तिची चूक नाही. गव्हाचं किंवा भाताचं सरळ वाण असतं आणि तिनं असंच देखणं बी धरलं असतं, तर पीक जसंच्या तसं आलं असतं. बाजरीचं गणित वेगळं आहे.

मी एका बाजरी पैदास केंद्रावर सव्वीस वर्षं रोजंदारीपासून सुरुवात करून कणसांवर कागदी पिशव्या चढवल्या. शिक्षण सातवी. पण बाजरीचं फूल मी जेवढं बघितलंय तेवढं माझ्या साहेबांनीही बघितलं नसेल, कारण ते दुपारी यायचे आणि फूल सकाळी बघायचं असतं.

आता एक करा. फुलोऱ्यातलं एक कणीस दोन बोटांत धरून वाकवा. वरवर गुळगुळीत दिसणारं कणीस म्हणजे मधल्या दांड्यावर दाटीनं बसलेले शेकडो बारके झुपके असतात. प्रत्येक झुपक्याला इवलासा देठ आणि भोवती केसांचं कडं. हेच केस लांबले की आपण त्याला कुसळ म्हणतो. कड्याच्या आत बहुतेक दोन कणिशकं असतात आणि दर कणिशकात दोन फुलं. त्यातलं खालचं फूल नुसतं नर असतं, दाणा धरत नाही. वरच्या फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, दाणा त्याच्यात भरतो. भिंग नको, चष्मा पुरे.

तुम्हाला कापसासारखं दिसलं ते रोग नव्हे. ती स्त्रीकेसराची पिसं. कणीस पोटरीतून, म्हणजे पानाच्या आवरणातून, बाहेर पडलं की दोन-तीन दिवसांत ही पांढरी पिसं दिसायला लागतात, आधी शेंड्याकडच्या भागात, मग खाली सरकत. सगळं कणीस पांढरं व्हायला दोनेक दिवस जातात. त्यानंतर पिवळे परागकोश लोंबायला लागतात, आधी वरच्या फुलांचे आणि मागून खालच्या नर फुलांचे. म्हणून एकच कणीस दोनदा पिवळं होतं. आमच्या बाया म्हणायच्या, बाजरीच्या घरी नवरी आधी बोहल्यावर चढते आणि नवरदेव दोन दिवसांनी येतो. तोवर नवरी काय थांबते? वाऱ्यानं शेजारच्या ताटाचे, शेजारच्या रानाचे परागकण येतात आणि लग्न लागून जातं. गहू आणि भात मिटल्या फुलात घरातल्या घरात उरकून घेतात. बाजरी बाहेरचं घेते.

आमचं कामही त्यामुळेच सोपं होतं. भाताचा संकर करायचा तर फुलाचं नाक कापून चिमट्यानं पुंकेसर उपटावे लागतात. बाजरीत तसलं काही नाही. पांढरी पिसं दिसायच्या आत कणसावर पिशवी चढवायची, पिसं पूर्ण बाहेर आली की सकाळी हव्या त्या ताटाची पिवळी धूळ दुसऱ्या पिशवीत झटकून आणायची आणि या पिशवीत ओतून हलवायची. पोटरीतलं कणीस ओळखण्यात एक दिवस चुकला की सगळं मुसळ केरात. माझ्या पहिल्या वर्षी मी चाळीस पिशव्या उशिरा चढवल्या होत्या. त्या दिवशीचा रोज कापला गेला.

आता तुमच्या पिशवीचं. संकरित बाजरीची आई नरवंध्य असते, म्हणजे तिच्या परागकोशात जिवंत परागकण नसतात. तिच्या ओळींशेजारी बापाच्या ओळी पेरतात, आणि आईच्या कणसात भरलेलं बी तेवढं पिशवीत येतं. अशी नरवंध्य बाजरी प्रथम अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टन इथं तयार झाली, तिचं नाव टिफ्ट २३ए. तिच्यावरून लुधियानाला डॉ. अटवाल यांनी एचबी-१ काढली, १९६५ साली. आपल्या देशातली ती पहिली संकरित बाजरी.

बापाकडून असा गुण येतो की पोरांमध्ये परागकण पुन्हा जिवंत होतात. म्हणून गेल्या वर्षी तुमच्या रानात सगळं व्यवस्थित पिवळं झालं. सगळी ताटं एकाच आईबापाची पोरं, म्हणून एकसारखी. त्यांचं आपसांत जे बी झालं ती नातवंडं, आणि नातवंडांत आजी-आजोबा बाहेर येतात. आजी बहुतेक वेळा बुटकी असते, तो गुण पोरांत झाकला जातो आणि नातवंडांत उघडा पडतो, म्हणून कमरेएवढी ताटं. आठवडाभर पांढरीच राहिलेली ती दोन कणसं आजीवर गेलीत, नरवंध्य. कुसळं आजोळची असतील किंवा वाऱ्यावर आलेली. मागच्या वर्षी आसपास कुणाची कुसळाची बाजरी होती का, आठवा.

पारनेरचा_पुणेकर

मावशी, आईला वाचून दाखवलं. "बोहल्यावर" ला हसली, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा.

हो, ओढ्यापलीकडे चुलत्यांची कुसळाची बाजरी होती! पाखरं खात नाहीत म्हणून ते तीच लावतात. आता ते जमीन बिघडली म्हणतायत.

तीन शंका. ही बाजरी खायला चालेल ना? बांधाला शेजाऱ्यांचं संकरित नेपिअर गवत आहे, त्याचा पराग लागून काही बिघडलं नसेल ना, दिसायला ते बाजरीसारखंच आहे? आणि नरवंध्य कणसं उपटू का?

दुष्काळी_जतकर

कुसळाला पाखरं खात नाहीत हे अर्धसत्य. शेजारी बिनकुसळाची असेल तर आधी ती खातात. सगळ्या शिवारात कुसळाची लावा, मग बघा चिमण्या कशा शिकतात. गोफण आहे तर आहे.

पिशवीवाल्या_मावशी

जतकर, बरोबर. आमच्याकडे कुसळाच्या प्लॉटवरही पोरगं राखणीला असायचंच.

खायला बिनधास्त चालेल, भाकरीला उंची कळत नाही. फक्त उतारा कमी येईल आणि कणसं मागेपुढे पिकतील, त्यामुळे खुडणी दोनदा करा.

नेपिअरची शंका चांगली काढलीत. दिसायला सारखं असणारच, ते बाजरीचंच लेकरू आहे, बाजरी आणि हत्तीगवताच्या संकरातलं. बाजरीची गुणसूत्रं १४, हत्तीगवताची २८, दोघांच्या संकराची २१. एकवीसची सरळ जोडी लागत नाही, म्हणून ते बी धरत नाही आणि त्याचे परागकणही निकामी. म्हणून तर फुले जयवंत वाण असो की दुसरं कुठलं, आपण कांड्या लावतो, बी पेरत नाही. त्याच्यावर आळ नको.

नरवंध्य कणसांचं मात्र नीट ऐका. परागकण मिळाला की पांढरं पिस काही तासांत सुकून जातं, आणि सुकलं की बुरशीचा आत जायचा रस्ता बंद. नरवंध्य कणसाला स्वतःचा पराग नसतो, ते वाऱ्यावर अवलंबून. ढगाळ हवा आणि रिमझिम असली की परागकण उडत नाहीत, पिसं ओली आणि उघडी राहतात, आणि तेवढ्यात अरगटाची बुरशी घुसते. त्यालाच चिकटा म्हणतात. कणसावर गुलाबीसर, मधासारखे थेंब दिसतील, बोटाला चिकटतील. पुढे दाण्याच्या जागी काळपट कडक गाठी होतात. त्या विषारी असतात, माणसालाही आणि जनावरालाही. थेंब दिसले तर कणीस कापून जाळा. थेंब नसतील तर राहू द्या, शेजाऱ्यांच्या परागावर त्यातही दाणे भरतील.

गोसाव्याचं जतकरांनी सांगितलंच. तीही बुरशी, पण ती ताटाच्या आत लहानपणापासून असते. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी दिसते, आणि फुलाचे भाग दाणा धरायचं सोडून पानं होऊन बसतात. तिचे बीजाणू मातीत टिकून राहतात. १९७०-७१ ला बाजरीचं विक्रमी पीक आलं आणि लगेच पुढं या रोगानं एचबीच्या रानांची रानं जटाधारी केली. तुमच्या दुकानच्या पिशवीतलं बी रंगीत होतं, आठवतंय? तो रंग औषधाचा. आईच्या राखेनं किडे थांबतात, गोसावी नाही. पुढच्या वेळी घरचं बी असेल तर किलोला ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल ३५ टक्के चोळून पेरा. त्याआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी टाका, तरंगेल ते काढून जाळा, त्यातच अरगटाच्या गाठी येतात. बुडालेलं बी दोन-तीनदा स्वच्छ धुऊन सावलीत वाळवा.

खळ्यावरचा_सोन्या

म्हणूनच मी म्हणतो, देशी बी धरा. देशी बी कधी बिघडत नाही, शुद्ध राहतं.

पिशवीवाल्या_मावशी

सोन्या, देशी बाजरी कधीच "शुद्ध" नसते, तेच तिचं बळ. दर ताट थोडं वेगळं, म्हणून एका पावसानं सगळी मार खात नाहीत. पण ओढ्यापलीकडचा वारा तिलाही लागतो. प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटला चहूबाजूंनी २०० मीटर दुसरी बाजरी नको असते, ते उगाच नाही.

पुणेकर, घरचं बी धरायचंच असेल तर संकरित नको, सुधारित वाण घ्या. धनशक्ती आहे, २०१२ ला आपल्याकडे आलेली, लोह जास्त असलेली. तिचं मूळ आयसीटीपी ८२०३ नावाचं आधीचं वाण, आणि त्या वाणाचं मूळ आफ्रिकेतल्या टोगोची गावठी बाजरी. तशी सगळीच बाजरी मूळची पश्चिम आफ्रिकेतली, ही फक्त अलीकडे आलेली पाहुणी.

आणि बी धरताना आईनं केलं तसं चार देखण्या कणसांवर जाऊ नका. रानाच्या मधोमध उभे राहा, कडेच्या ओळी सोडा, आणि निरोगी अशा दोनेकशे ताटांचं एकेक कणीस घ्या. चारच घेतली तर पुढं भावाबहिणींत लग्नं लागत जातात आणि दोन-तीन वर्षांत बाजरी खुरटते. आमच्याकडे मुद्दाम पिशवी घालून स्वतःच्याच परागावर वाढवलेल्या ओळी असायच्या. तिसऱ्या-चौथ्या पिढीला त्यांची दशा बघून नव्या बाया विचारायच्या, याला खत घालत नाही का?

पारनेरचा_पुणेकर

आज सकाळी सातला रानात होतो. दहा कणसांना लाल दोरा बांधला. सात तुम्ही सांगितलं तशी, शेंडा पिवळा झालेला आणि बुडाशी अजून पांढरी पिसं. एकाला बोट लावलं तर धूळ उडून शेजारच्या पांढऱ्या कणसावर बसली. आईला म्हटलं, बघ, लग्न लागलं. ती म्हणाली, अक्षता तर टाक.

गोसावी अकरा निघाले, सात-आठ नव्हे. जाळले. चुलते येऊन बघून गेले, कुसळाबद्दल काही बोलले नाहीत. आई विचारतेय, मावशींना निंबूर, म्हणजे भाजलेली कोवळी बाजरी, पाठवायचं तर कुठे?

पिशवीवाल्या_मावशी

निंबूर टपालानं येत नसतं हो. आगटीतून काढलं की हात भाजत चोळायचं आणि तिथंच संपवायचं. आईला खाऊ घाला, शेंड्याकडचे दाणे आधी भरतात, तिथून खुडा.

त्या दोन पांढऱ्या कणसांकडे मात्र बुधवारी कुणाला तरी बघायला सांगा. नगरकडे ढग आहेत म्हणतात.