शनिवारी रात्रीची ती वीज नेमकी कुठे पडली?

गव्हाणपाडा, मुलुंड पूर्व

शनिवारी मध्यरात्रीनंतर झालेल्या गडगडाटाविषयी आसपासच्या मंडळींना काही विचारायचे आहे. आमचे घर सातव्या मजल्यावर असून बाल्कनी मिठागरांकडे उघडते. साडेबारापासून खाडीपलीकडे, ऐरोली-घणसोलीच्या मागच्या अंगाला आकाश सारखे उजळत होते, पण आवाज मुळीच येत नव्हता. वारा पडलेला होता आणि ऑक्टोबरचा नेहमीचा चिकट उकाडा होता. सव्वा वाजता एकाएकी गार झुळूक आली, पाठोपाठ वाऱ्याचा जोर एवढा वाढला की वाळत घातलेले कपडे काढायला गेले तर दोन टॉवेल खालच्या गुलमोहरावर जाऊन पडले होते. एक वाजून बेचाळीस मिनिटांनी मात्र जे घडले, तसे मुंबईत छत्तीस वर्षे काढूनही मी अनुभवलेले नाही. प्रकाश आणि आवाज एकाच वेळी आले. तो गडगडाट नव्हताच, जाड मांजरपाट टराटरा फाडावा तसा आवाज आणि लगेच एक दणका. खिडक्यांची तावदाने थरथरली, देव्हाऱ्यातली घंटा आपोआप किणकिणली, वीज गेली आणि खाली उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या एका सुरात कोकलू लागल्या. सासूबाई अंथरुणावर उठून बसल्या आणि अर्जुनाची दहा नावे म्हणू लागल्या. सातव्या नावावर अडखळल्या की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

सकाळी जो तो वेगळे सांगत होता. रखवालदाराच्या मते वीज आमच्या गच्चीवरच्या टाकीवर पडली, दूधवाल्याच्या मते शेजारच्या आवारात, तर बी विंगमधल्या काकूंनी ती ट्रान्सफॉर्मरवर पडताना ‘डोळ्यांनी पाहिली’. गिरगावात राहणाऱ्या नणंदेला फोन केला, तर तिच्याकडे पावसाचा थेंबही नव्हता आणि मी वाढवून सांगते आहे असे तिला वाटले. तेव्हा तीन गोष्टी कळल्या तर बरे होईल: वीज पडली कुठे, जुलैत दिवस दिवस कोसळणारा पाऊस गडगडत नाही आणि हाच एवढा का गडगडला, आणि एमसीबी (मीटरपाशी आपोआप पडणारे बटण) पडलेला असतानाही आमचा राउटर व सेट टॉप बॉक्स जळाला कसा?

डोंगराच्या कुशीतला, मुलुंड पश्चिम

आपण सांगितलेली वेळ अगदी बरोबर आहे, कारण आमच्याकडे त्याच क्षणी दिवे लुकलुकले आणि मी घड्याळाकडे पाहिले. लहानपणी वडिलांनी लावलेल्या सवयीप्रमाणे चमक दिसल्यावर मी सेकंद मोजतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांना एक किलोमीटर असा ढोबळ हिशेब होतो. त्या चमकेनंतर माझे सात सेकंद मोजून झाले आणि आठव्याला आवाज पोहोचला, म्हणजे अंतर सुमारे अडीच किलोमीटर. आपल्याकडे प्रकाश आणि आवाज यांत फरकच जाणवला नसेल, तर ती आपल्यापासून दोन-तीनशे मीटरच्या आत असली पाहिजे. आपल्याला दणका ऐकू आला आणि आम्हाला मात्र लांबलचक गडगडाट, यातही नवल नाही. विजेची वाट कित्येक किलोमीटर लांब असते आणि तिच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला आवाज दूरच्या माणसाकडे मागेपुढे पोहोचतो. त्यात आमच्या पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर असल्यामुळे घुमणे आणखी लांबते.

एक मात्र कबूल करतो की घाबरलेला माणूस सेकंद भरभर मोजतो. अर्धा-पाऊण किलोमीटर इकडे तिकडे धरावा.

बाराव्या मजल्यावरून, ऐरोली

आम्ही त्या वेळी खाडीच्या या बाजूला खिडकीपाशीच उभे होतो, कारण वादळ आमच्यावरून नुकतेच पुढे सरकले होते. ती वीज आम्ही समोरून पाहिली. ती मिठागरांच्याही पलीकडे, द्रुतगती मार्गाच्या दिव्यांच्या ओळीमागे उतरली. आधी एक जाड रेघ दिसली आणि तीच रेघ विझता विझता तीन-चार वेळा फडफडली. माझ्या मुलीने मोबाइलच्या घड्याळावर मोजले तेव्हा साडेनऊ सेकंद भरले, म्हणजे तीन किलोमीटरांहून थोडे अधिक. पश्चिमेकडच्या गृहस्थांचे अडीच आणि आमचे हे तीन नकाशावर मांडले, तर दोन्ही वर्तुळे आपल्या गव्हाणपाड्याच्या पूर्व कडेलाच कुठेतरी छेदतात. टाकीवर किंवा ट्रान्सफॉर्मरवर पडली असे मला वाटत नाही. रेघ उंच इमारतींच्या थोडी अलीकडे, आमच्या बाजूला दिसली होती.

निवृत्त भूगोल शिक्षक, भांडुप

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. जुलैतला पाऊस अरबी समुद्रावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यांचा असतो. त्याचे ढग दाट असले तरी बहुधा फार उंच वाढत नाहीत आणि त्यांच्यातले वर उसळणारे प्रवाहही जोरकस नसतात. वीज तयार व्हायला ढग, जिथे पाणी गोठू लागते त्या उंचीच्या बराच वर जावा लागतो, कारण तिथे बर्फाचे हलके स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात आणि त्या आदळण्यातून ढगात विद्युतभार वेगळे होतात. ऑक्टोबरात पाऊस परतीला लागलेला असतो, ऊन कडक असते, जमीन ओली असते आणि वारे पूर्वेकडून वाहू लागतात. दुपारी सह्याद्रीवर ढग उभे राहतात, बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढतात आणि वाऱ्याबरोबर रात्री किनाऱ्याकडे सरकतात. म्हणूनच आपण पहिली चमक पूर्वेला पाहिली आणि ऐरोलीकरांवरून वादळ आपल्या आधी गेले. मृगाच्या आधीचा वळीव आणि हस्ताचा पाऊस हे दोन्ही गडगडणारे असतात, आणि हत्तीच्या गर्जनेचा संबंध जुन्या लोकांनी हस्ताशी जोडला तो उगाच नव्हे. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर मानली जाते, त्यामुळे ही वेळही चुकलेली नाही.

गिरगावच्या नणंदबाईंना मात्र दोष देऊ नका. असा ढग चार-सहा किलोमीटरच्या घेरात धुमाकूळ घालतो आणि शेजारचा भाग कोरडा ठेवतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर होता, आणि तो तर ऐन पावसाळ्यातला दिवस होता.

वायरमन, कांजूरमार्ग

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण रविवारपासून माझ्याकडे अशाच पंधरा-सोळा तक्रारी आल्या आहेत. एमसीबी हा जादा भार आणि शॉर्टसर्किट यांसाठी असतो. विजेचा झटका काही लाखांश सेकंदांत येऊन जातो आणि तोवर एमसीबीला जागही येत नाही. तो पडला असेल तर नंतर पडला. शिवाय आपल्याकडे टीव्हीची आणि इंटरनेटची केबल एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उघडी ताणलेली असते, आणि जवळ वीज पडली की त्या तारेत दाब आपोआप निर्माण होतो. राउटर आणि बॉक्स दोन्ही त्या केबलवरच असतात, म्हणून तेच आधी जातात. बटण बंद करून उपयोग नाही. गडगडाट जवळ येऊ लागला की पिन आणि केबल दोन्ही काढून ठेवावे, मात्र वीज डोक्यावर आल्यावर त्यांना हात लावायला जाऊ नये. मीटरपाशी सर्ज प्रोटेक्शनचे, म्हणजे दाबाचा असा झटका अडवणारे उपकरण बसवता येते, पण अर्थिंग धड नसेल तर तेही शोभेचे.

एक विनंती आहे. गच्चीवर जाऊन वीज अटकाव यंत्रणेची, म्हणजे सगळे ज्याला अरेस्टर म्हणतात त्याची, खाली उतरणारी पट्टी सलग आहे का ते पाहा. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करताना ही पट्टी कापली जाते आणि पुन्हा कोणी जोडत नाही, हे मी अनेक इमारतींत पाहिले आहे. तांब्याची असेल तर चोरीलाही जाते.

गव्हाणपाडा, मुलुंड पूर्व

सर्वांचे मनापासून आभार. ऐरोलीच्या ताईंनी सांगितलेली दिशा धरून काल संध्याकाळी मी रखवालदाराला घेऊन निघाले. आमच्या रस्त्याच्या टोकाला, द्रुतगती मार्गाला लागून असलेल्या शेवटच्या आवारात एक जुना माड आहे. शेंड्याखालपासून बुंध्यापर्यंत वीतभर रुंदीची साल सोलून निघाली आहे, आतला भाग ओला आणि तांबूस दिसतो, आणि मधला कोवळा कोंब एका बाजूला कलला आहे. झावळ्या मात्र अजून हिरव्या आहेत. तिथल्या माळ्याने सालीच्या चिरफळ्या पंधरा पावलांवर असलेल्या पार्किंगमधून गोळा केल्या होत्या. एक मला दाखवली, तर तिची कड करपलेली नव्हती, नुसती फाटलेली होती. आतले पाणी क्षणात वाफ होऊन साल उडाली असावी, असे त्याचेच म्हणणे. आमच्या इमारतीपासून मी पावलांनी मोजले, तर अंतर दोनशे मीटरांच्या आसपास भरले. बी विंगमधल्या काकू अजूनही ट्रान्सफॉर्मरवर ठाम आहेत.

वायरमनदादा, गच्चीवरची पट्टी पाहिली. टाकीच्या मागे, गेल्या मे महिन्यात जिथे वॉटरप्रूफिंग झाले तिथे ती दीड फूट गायब आहे आणि दोन्ही टोकांवर पांढरा रंग मारलेला आहे. सचिवांना फोटो पाठवला आहे. आपण गुरुवारी सकाळी येऊ शकाल का, ते कळवावे.