युरिया लावलेला गव्हाचा भुसा कोकरं खाईनात, मदत हवी आहे

जत तालुक्यात आमची शेती आहे. दिवाळीनंतर माडग्याळ जातीची १८ नर कोकरं घेतली, आता पाच-साडेपाच महिन्यांची आहेत. बकरी ईदपर्यंत तयार करून विकायची. सकाळी चरायला जातात, संध्याकाळी मक्याचा भरडा आणि थोडी सरकी पेंड. पोट भरायला कडबा होता, पण त्याचा यंदाचा भाव परवडत नाही.

वाळव्याला बहिणीकडं गव्हाचा भुसा आणि सोयाबीनचं भुसकट फुकट मिळालं, भाडं तेवढं पडलं. ३०० किलो गव्हाच्या भुशाला १२ किलो युरिया, १५० लिटर पाण्यात विरघळवून. थरावर थर, झारीनं पाणी, वर तुडवण. कागद टाकून कडेनं माती लावली. २१ दिवसांनी काल उघडला तर वासानं डोळ्यांतून पाणी आलं, उभं राहवेना. रंग तांबूस-पिवळा झालाय, हाताला मऊ लागतोय. एका कोपऱ्यात कागद फाटला होता तिथं पांढरी बुरशी आहे.

घमेलंभर काढून तसाच गव्हाणीत टाकला. कोकरांनी तोंड लावलं, शिंकली आणि मागं सरली. आबा म्हणाले, "खत रानाला घालायचं असतं, जनावराला न्हाई." त्यांना काय उत्तर देऊ?

भुसा बिघडलाय का? सोयाबीनच्या भुसकटालाही असाच युरिया लावू का? पिंपात थोडं युरियाचं पाणी उरलंय, ते त्यासाठीच झाकून ठेवलंय. गाईचं मिनरल मिक्श्चर घरात आहे, ते यांना चालेल का?

प्रतिसाद १
आधी ते पिंप रिकामं करा, बाकीचं नंतर वाचा. तहानलेल्या कोकरानं त्यात तोंड घातलं तर पोट फुगतं, अंग थरथरतं, तोंडाला फेस येतो, आणि डॉक्टर पोचेपर्यंत खेळ संपतो.

भुसा चांगला झालाय. तो वास अमोनियाचा, म्हणजे युरिया मुरला. तुमचं चुकलं ते ताजा काढून लगेच टाकण्यात. उद्यापुरता आज काढा, सावलीत पातळ पसरा, रात्रभर वास उडू द्या. पहिले चार-पाच दिवस तीन भाग कडबा, एक भाग भुसा. मग हळूहळू वाढवत न्या, दहा-बारा दिवस तरी घ्या. वरून गुळाच्या पाण्याचा हलका शिडकावा मारला की लबाड खातात. बुरशीचा कोपरा उकिरड्यावर. ढीग परत घट्ट झाका.

आबांना सांगा, गव्हाच्या भुशात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के असतात, या प्रक्रियेनं ती दुप्पट होतात आणि भुसा पचतोही जास्त. पण नुसत्या भुशावर मांस चढत नाही. वाचणार तो कडब्याचा पैसा, भरडा आणि पेंड बंद करू नका.

सोयाबीनच्या भुसकटाला युरिया लावू नका. ते द्विदल, त्यात मुळात प्रथिनं बरी असतात, तसंच घाला. शिवाय त्यात दाणे राहिले असतील तर कच्चं सोयाबीन युरिया झपाट्यानं फोडतं, ते या भुशासोबत एका गव्हाणीत नको.

प्रतिसाद २
गाईचं मिक्श्चर मेंढीला अजिबात नको. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक जनावर जातं. मेंढ्यांसाठीचं वेगळं मिळतं, पिशवीवर बघून घ्या. आणि नर कोकरं भरड्यावर असली की मूत अडकायची भीती असते. मीठ आणि स्वच्छ पाणी कायम समोर ठेवा. एखादं पाय ताणून कण्हत उभं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरला बोलवा.

धागाकर्ता
पिंपातल्या पाण्यात भरपूर पाणी मिसळून मक्याच्या सरीत सोडलं, पिंप पालथं घातलं. काल पसरलेला भुसा आज कडब्यात मिसळून दिला. अकरा कोकरांनी खाल्ला, सात जण अजून कडबाच वेचून खातात. आबा गव्हाणीपाशी येऊन वास घेऊन गेले, बोलले काही नाहीत. मिक्श्चरची पिशवी गोठ्यात वर टांगली.