रोजची कोल्ड्रिंकची बाटली: नुकसान साखरेने होतं की गॅसने?

रानजाई:
घरात १५ वर्षांचा मुलगा आहे. क्लासहून येताना ७५० मिलीची कोलाची बाटली घेतो आणि रात्री अभ्यास करताना ती घोटघोट पुरवतो. अंगाने सडसडीत आहे, त्यामुळे "मला काय होतंय?" हे उत्तर ठरलेलं. विचारायचं असं की अपाय गॅसचा असतो की साखरेचा? झीरोवाली (बिनसाखरेची) दिली तर चालेल का? की आंब्याचा पॅकबंद ज्यूस बरा? आणि सोडवायची कशी? धाक दाखवून उपयोग होत नाही, आकडे सांगितले तर ऐकेल.

आहारमित्र:
आकड्यांपासूनच सुरुवात करा. बाटली फिरवून मागचा तक्ता त्यालाच वाचायला लावा. बहुतेक कोलांत १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे ७५० मिलीत साधारण ८० ग्रॅम, ४ ग्रॅमचा चमचा धरला तर २० चमचे. तेवढी साखर स्वयंपाकघरातल्या वाटीत मोजून समोर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशीनुसार २००० कॅलरींच्या आहारात वरची साखर ५० ग्रॅमच्या आत हवी, शक्यतो २५च्या. तक्त्यात 'पर सर्व्ह'चा रकाना असतो, तो एका छोट्या ग्लासाचा असतो; अख्ख्या बाटलीचा हिशोब आपणच करायचा.

सडसडीत असण्यावर विसंबू नका. साखरेतला अर्धा भाग ग्लुकोज, तो सगळं शरीर वापरतं. उरलेला अर्धा फ्रुक्टोज, त्याचा निपटारा मुख्यतः यकृताला करावा लागतो. पातळ पेयातून तो एकदम येऊन आदळला की यकृत त्याची चरबी करतं, आणि त्याच प्रक्रियेत युरिक ॲसिडही वाढतं. म्हणूनच बारीक अंगाच्या माणसांतही फॅटी लिव्हर (यकृतात साठलेली चरबी) सापडतं यात नवल नाही. घरच्या घरी बघायचं तर कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे का ते टेपने मोजा. घेर जास्त असेल किंवा घरात मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून एसजीपीटी (यकृताची तपासणी), ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्या.

दुसरं म्हणजे, प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही. ३२० कॅलरी पोटात जाऊनही जेवण तेवढंच होतं. आंब्याच्या पॅकबंद पेयात साखर बऱ्याचदा कोलाइतकीच असते, कधी जास्तही. गॅस नाही म्हणून ते सोज्वळ ठरत नाही.

दंतवैद्य_कोल्हापूर:
गॅसबद्दल. निव्वळ सोड्याने पोट फुगतं, ढेकर येतात, ॲसिडिटी असणाऱ्यांना जळजळ होते. त्यापलीकडे त्याचा फारसा दोष नाही. दातांना मारतं ते कोलातलं फॉस्फोरिक आणि लिंबाच्या चवीच्या पेयांतलं सायट्रिक आम्ल. दाताचं वरचं कवच साधारण ५.५ पीएचच्या (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) खाली विरघळायला लागतं. कोलाचा पीएच २.५च्या आसपास असतो. शिवाय तोंडातले जंतू साखरेपासून आणखी आम्ल बनवतात.

मला प्रमाणापेक्षा 'घोटघोट पुरवतो' याची जास्त काळजी वाटते. एका घोटानंतर लाळेला तोंड पूर्वपदावर आणायला अर्धा-पाऊण तास लागतो. दर दहा मिनिटांनी घोट घेतला तर तोंड संपूर्ण संध्याकाळ आम्लातच राहतं. त्यात झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीची बाटली सर्वांत वाईट. प्यायचीच तर जेवणासोबत, एका बैठकीत, स्ट्रॉने. नंतर साध्या पाण्याने चूळ. लगेच ब्रश नको: मऊ पडलेलं कवच घासलं जातं. अर्धा तास थांबा.

आता त्याचा वरचा ओठ उचलून उजेडात बघा. समोरच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे निस्तेज पांढरे पट्टे दिसले तर ती किडीची सुरुवात आहे. या टप्प्यावर फ्लोराइडने दात सावरतो. खड्डा पडल्यावर नाही. रात्री फ्लोराइडची पेस्ट लावून फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही.

झीरोत साखर नाही, पण आम्ल तेच. कीड कमी होईल, झीज थांबणार नाही.

आहारमित्र:
झीरोबद्दल एक पुरवणी. वजन ताब्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडव्यावर भिस्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. सवय उतरवताना काही आठवडे चालेल, कायमची नको.

सोडवताना कॅफिन विसरू नका. ७५० मिलीत ते साधारण ७५ मिलिग्रॅम असतं. एका दिवसात तोडलं तर डोकं दुखतं, चिडचिड होते आणि मुलगा परत बाटलीकडे वळतो. पहिला आठवडा २५० मिलीची बाटली, तीही संध्याकाळी सहाच्या आत. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड. मग आठवड्यातून एकदा. फसतं ते घरात सव्वादोन लिटरची आणून ठेवल्याने; 'गॅस जाईल' म्हणून ती संपवली जाते.

झणझणीतपणाच हवा असेल तर २०० मिली साधा सोडा, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ, एक चमचा साखर. किंवा ग्लासभर गार सोड्यात दोन चमचे कोकम आगळ आणि जिरेपूड. आगळ घ्या, अमृत कोकम नको, त्यात साखरेचा पाक असतो. आगळ मुळातच खारट, वरून मीठ घालू नका.

विहंग:
जुलाब लागल्यावर कोला द्यायची पद्धत अजून आहे, ती बंद करा. ओआरएसच्या लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, कोलात त्याच्या जवळजवळ आठपट साखर आणि मीठ नावापुरतं. ती साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

साखरवाली कोला खरी कामाला येते ती मधुमेहीची रक्तातली साखर ७०च्या खाली घसरल्यावर: माणूस शुद्धीवर असेल तर १५० मिली, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमीच असेल तर परत तेवढीच. झीरो इथे निरुपयोगी. रोगी मधुमेहासाठी व्होग्लिबोज किंवा अकार्बोजच्या गोळ्या घेत असेल तर मात्र कोलावर वेळ घालवू नका. या गोळ्या साखरेचं विघटन रोखतात, ग्लुकोजला विघटनाची गरजच नसते. अशा घरात ग्लुकोज पावडरच हाताशी ठेवा, १५ ग्रॅम पाण्यात ढवळून द्यायची.