टर्बो गाडीत तापमान, बूस्ट आणि ऑइल प्रेशरचे वेगळे मीटर: कोणते घ्यावेत आणि कोठे बसवावेत?

घाटवाट:
नमस्कार. माझ्याकडे १.० लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे आणि दर महिन्याला पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला जाणे होते. गाडीत इंजिनाच्या तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असेल तर निळा दिवा आणि फार तापले तर लाल दिवा, एवढीच सूचना मिळते. गेल्या एप्रिलमध्ये परतीच्या वाटेवर चार माणसे, सामान आणि एसी चालू असताना चढावरच लाल दिवा लागला. त्याआधी किती वेळ तापमान चढत होते, हे कळायला मार्गच नव्हता. म्हणून कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान, टर्बोचा बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा जादा दाब) आणि ऑइल प्रेशर दाखवणारे ५२ मिमीचे तीन मीटर घ्यावेत असा विचार आहे. गॅरेजमधील मिस्त्री ते उजवीकडच्या पिलरवर (पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर) बसवू म्हणतात. तिन्हींची खरोखर गरज आहे का आणि ही जागा योग्य आहे का?

दुसरागिअर:
तापमानासाठी वेगळा सेन्सर बसवण्याआधी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीची माहिती तपासण्याच्या जोडणीला) ब्लूटूथ अडॅप्टर लावून आठवडाभर आकडे पाहा, असे मी सुचवेन. कूलंटचे तापमान इंजिनाच्या ईसीयूकडे (नियंत्रण संगणकाकडे) असतेच आणि ते मोबाइलवर अंशांत दिसते. घाटात १०५ अंश दिसले म्हणून लगेच घाबरू नका, कारण झाकण बंद असल्याने यंत्रणेत दाब टिकतो आणि कूलंट १०० अंशांना उकळत नाही. मात्र नेहमीच्या चढावर नेहमीपेक्षा दहा अंश जास्त दिसू लागले, तर पंखा, थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप) आणि कूलंटची पातळी तपासून घ्या. बूस्टचा आकडाही तेथे मिळतो, पण तो थोडा मागे राहतो. शिवाय काही ॲप बूस्ट काढताना बाहेरच्या हवेचा दाब कायम १०१ किलोपास्कल धरतात. महाबळेश्वरला तो साधारण ८६ असतो, त्यामुळे तेथे बूस्ट प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेवा, कारण तो बॅटरी खातो.

वायरमन_कोल्हापूर:
वरील सल्ला योग्य आहे, पण ऑइल प्रेशर बहुतेक गाड्यांत ओबीडीवर मिळत नाही, आणि तीनपैकी एकच मीटर घ्यायचा झाला तर मी तोच घेईन. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा साधारण अर्ध्या बारच्या आसपास, म्हणजे दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. घाटात तीन हजार आरपीएमवर दाब निम्म्याने घसरला तरी तो विझलेलाच राहील. दर हजार आरपीएममागे सुमारे १० पीएसआय (एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) हा जुना ठोकताळा आहे, परंतु नव्या इंजिनांत ऑइल पंपच दाब कमी-जास्त करतो. म्हणून आपल्या गाडीचे गरम इंजिनावरचे आकडे पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवा आणि पुढे त्यांच्याशीच तुलना करा.

खरे काम डायलचे नसून सेन्सरचे असते. बाजारातील बरेच सेन्सर अष्टमांश इंची एनपीटी (अमेरिकी मानकाच्या) आट्यांचे असतात, तर जपानी घडणीच्या इंजिनांत सहसा त्याच मापाचे बीएसपीटी (ब्रिटिश मानकाचे) आटे मिळतात. पहिल्यात इंचाला २७ आणि दुसऱ्यात २८ आटे असल्यामुळे दोन-तीन फेरे हाताने सहज बसतात आणि मग पाना अडतो. तेथे जोर लावला की ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचे आटे गेलेच. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत दुसरीकडे असाच सेन्सर दाबून बसवलेला होता आणि त्याच्या बुडातून तेल झिरपून अल्टरनेटरवर थर साचला होता. म्हणून योग्य अडॅप्टर आणा, किंवा ऑइल फिल्टरखाली सँडविच प्लेट (सेन्सरसाठी भोक असलेली मधली चकती) घाला. एका वायरचा सेन्सर आट्यांतूनच अर्थिंग घेतो; त्यावर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळली तर काटा चुकीचे दाखवतो. नळीतून प्रत्यक्ष तेल केबिनमध्ये आणणारा जुन्या पद्धतीचा मीटर मात्र घेऊ नका, कारण नळी निसटली तर गरम तेल पायांवर येते.

तापमानाबाबत एक अनुभव सांगतो. साखरप्याहून आंबा घाट चढताना माझ्या जुन्या डिझेल गाडीची होज फाटली. काटा ११० च्या पुढे गेला आणि मग ८० पर्यंत खाली आला. गाडी निवळली असे समजून मी आणखी दोन वळणे चढवली. प्रत्यक्षात कूलंट वाहून गेले होते आणि सेन्सर रिकाम्या जागेत उरला होता. हेड गॅस्केट (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधले सील) गेले. काटा अचानक खाली आला तरी गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

माणदेशी:
पिलरची जागा मला अजिबात मान्य नाही. आपल्या गाडीत कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) असतील तर त्या छताच्या कडेने असतात आणि अनेक गाड्यांत पिलरच्या आवरणातही उतरतात. तेथे स्क्रूने बसवलेला मीटर एअरबॅगला अडवू शकतो किंवा तिच्या धक्क्याने आपल्याच अंगावर येऊ शकतो. उजव्या टोकाच्या एसी व्हेंटमध्येही बसवू नका, कारण पावसाळ्यात उजव्या काचेवरचे धुके तीच हवा घालवते आणि ताम्हिणीत जुलैमध्ये आरसा दिसलाच पाहिजे.

घाटवाट:
पिलरचा बेत रद्द केला, कारण गाडीत सहा एअरबॅग आहेत. स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली सुट्ट्या पैशांचा छोटा कप्पा आहे. तो मोजला तर ५२ मिमीचा एक मीटर जेमतेम मावतो. तापमान आणि बूस्ट ओबीडीवर पाहीन आणि कप्प्यात फक्त ऑइल प्रेशर बसवेन. वायर कोठून आणावी आणि वॉरंटीला धक्का लागेल का?

वायरमन_कोल्हापूर:
मूळ हार्नेस (गाडीच्या वायरींचा जुडगा) कापू नका. वायर सोलून चिकटपट्टी मारलेली दिसली की वॉरंटीचा वाद तेथूनच सुरू होतो. तरीही सेन्सर इंजिनाला बसणार आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. इग्निशनबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजच्या जागी फ्यूज टॅप (त्याच जागेतून जादा जोडणी देणारा तुकडा) लावा आणि मीटरसाठी ३ अँपिअरचा वेगळा फ्यूज ठेवा. सेन्सरची वायर फायरवॉलमधील (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातील) असलेल्याच रबरी ग्रोमेटमधून (भोकाच्या कडेच्या रबरी कड्यातून) आत घ्या, कारण उघड्या पत्र्यावर घासून इन्सुलेशन कापले जाते. मीटरच्या दिव्याची वायर पार्किंग लाइटच्या सर्किटला जोडा, म्हणजे रात्री तो मंद होईल आणि काचेत त्याचे प्रतिबिंब पडणार नाही.