प्रतिसाद: जुन्या औषधांच्या दुकानाची इमारत

औषधांच्या एका जुन्या दुकानाबद्दल कोणीतरी विचारलंय की इमारत राहिली ना, मग आतलं जुनं फर्निचर विकलं तर काय बिघडलं. मला तर वाटतं खूप बिघडतं, कारण अशा दुकानाचा खरा इतिहास आतच असतो, ड्रॉवरवरची लेबलं, बाटल्या आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रिस्क्रिप्शनची रजिस्टरं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाचं स्टेबलर-लेडबीटर दुकान बघा, १७९२ ला सुरू झालं, पिढ्यानपिढ्या एकाच घराण्यात राहिलं आणि १९३३ मध्ये मंदीत बंद पडलं, तेव्हा सामानाचा लिलाव झाला पण घेणाऱ्याने ते परत देऊन टाकलं म्हणून १९३९ मध्ये तिथेच म्युझियम होऊ शकलं. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची पत्नी मार्था वॉशिंग्टनने १८०२ मध्ये या दुकानातून एरंडेल मागवल्याची चिठ्ठीसुद्धा तिथे जपलीय!! किती साधा कागद, पण बघा ना.

तेव्हा काही हलवायच्या आधी प्रत्येक कप्प्याचा जागेवरच फोटो काढा, कुठली बाटली कुठे होती हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. आणि प्लीज जुन्या बाटल्या उघडू नका, वास तर अजिबात घेऊ नका, आर्सेनिक, पारा असलं काहीही असू शकतं त्यात, आधी जाणकार माणसाला दाखवा.